परत आलेली चादर

सिस्टरांनी चादर परत दिली तेव्हा त्यांचा काहीतरी घोटाळा होतोय, असंच मला वाटलं. अण्णा जाऊन तीन महिने झाले होते. एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळी साडेनऊलाच डोक्यावर तवा ठेवल्यासारखं ऊन. ते कपाट एकदाचं रिकामं करा म्हणून बायको महिनाभर मागे लागली होती आणि मी रोज उद्यावर ढकलत होतो. शेवटी एका रविवारी बसलो. अण्णांची धोतरं, बंड्या, दोन सफारी, आईची राहिलेली सुती लुगडी, पलंगपोस, टॉवेल. दोन गाठोडी झाली. ॲक्टिव्हाच्या पायाशी एक, मागे एक बांधून गावाबाहेर निघालो. तिथे, ज्यांना कुणी नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी काही सिस्टर एक घर चालवतात. 22 खाटा, एक स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि पुढे एक कडुनिंब. संस्थेचं नाव लिहीत नाही. त्यातल्या मोठ्या सिस्टरांना ते आवडणार नाही, आणि त्यांना जे आवडत नाही ते त्या तोंडावर सांगतात.

मला वाटलं होतं, गाठोडी आत जातील, सिस्टर ‘गॉड ब्लेस यू’ म्हणतील, मी थोडा भरून येऊन परत फिरेन. तसं काही झालं नाही. सिस्टर कडुनिंबाखाली पोतं अंथरून खाली बसल्या आणि माझ्यादेखत गाठोडं सोडलं. एकेक कपडा उचलायचा, उजेडासमोर धरायचा, अंगठा आणि पहिल्या बोटात चोळायचा, मग डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायचा. मी उभाच. अण्णांची धोतरं डावीकडे गेली, पार झिजून जाळी झालेलं एक होतं तेसुद्धा. आईची लुगडी डावीकडे. टॉवेल डावीकडे. सफारी उजवीकडे. टेरिकॉटचे पलंगपोस उजवीकडे. मग त्यांनी ती चादर उचलली, मोराची, लाल-काळी, घडीही न मोडलेली. क्षणभर तिच्यावरून हात फिरवला आणि उजवीकडे ठेवली.

“हे घरी न्या,” उजवा ढीग माझ्याकडे सरकवत म्हणाल्या.

“सिस्टर, ही सोलापुरी चादर आहे,” मी म्हणालो. 19 वर्षं सोलापुरात काढलेल्या बाईला हे मी सांगत होतो!

“माहिताय की. छान आहे. तुम्ही पांघरा.”

जाळी झालेलं धोतर ठेवून घेतलं आणि कोरी चादर परत. घरी आलो तर बायको दारातच हसली. “कोल्हापूरकरांनी गूळ परत करावा तसं झालं बघा तुमचं.” मी काही बोललो नाही. चादर पुन्हा ट्रंकेत गेली, डांबराच्या गोळ्यांसकट. पण ती डोक्यातनं काही जाईना.

ती चादर साधी नव्हती. अण्णा लक्ष्मी-विष्णू मिलच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. मिल बंद पडल्यावर पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर लागले. ज्यांनी तो आवाज ऐकलेला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. गल्लीत दर दुसऱ्या घरातनं खटक-खट्याक, खटक-खट्याक, पहाटेपासून. आमच्याकडची माणसं मोठ्यानं बोलतात, भांडल्यासारखी, त्याचं कारण हेच. अण्णा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर सुताची लव बसलेली असायची, जणू सकाळी गेलेला माणूस म्हातारा होऊन परत आलाय. आई पदरानं ती पुसायची आणि पुसताना दर वेळी शिंकायची. कारखानदारानं एका दिवाळीला बोनसाबरोबर प्रत्येकाला एक चादर दिली. ती अण्णांनी स्वतःच्या मागावर विणलेली होती की शेजारच्या, हे ते उलटसुलट करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “माझीच. ह्या मोराच्या चोचीपाशी एक तार चुकलाय, तो माझ्या हातचा.” आम्हाला कुणालाच तो तार दिसला नाही. चादर ट्रंकेत गेली ती गेलीच. पाहुणे आले तरी निघाली नाही, थंडीत निघाली नाही, अण्णांच्या शेवटच्या आजारपणातही निघाली नाही. म्हणजे मी घरातली सगळ्यात चांगली वस्तू नेऊन दिली होती. निदान माझा तसा समज होता.

पांढऱ्या साडीतली बाई आणि गरिबांची सेवा असे शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो. या सिस्टर त्या संस्थेतल्या नाहीत, त्यांच्या साडीला निळे काठ नाहीत. तरी रस्त्यात त्या दिसल्या की आमच्याकडची पोरं “मदर तेरेसा, मदर तेरेसा” म्हणून ओरडतात. सिस्टर कधी हसतात, कधी, “अभ्यास केलास का?” म्हणून उलटा प्रश्न टाकतात.

मदर गेल्या 5 सप्टेंबर 1997 ला. आठवड्यानं कोलकात्यातली अंत्ययात्रा दूरदर्शनवर दाखवली, तेव्हा अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले होते. धर्मकर्माशी त्यांचा संबंध सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेपुरता आणि आषाढीच्या उपासापुरता. ते बघत होते कापड. पडद्यावर ओळीनं शेकडो सिस्टर, सगळ्यांच्या पांढऱ्या साड्या, काठाला तीन निळ्या पट्ट्या, दोन बारीक, एक रुंद. “मिलचं नाही हे,” अण्णा म्हणाले. “हातमागाचं. काठ बघ, जरा जरा हालतो.” मी म्हटलं, टीव्हीवरनं तुम्हाला काय कळतंय? पण त्यांचं बरोबर होतं. त्या साड्या कोलकात्याजवळ टिटागढला विणल्या जातात, आणि विणणारे असतात कुष्ठरोगातून उठलेले लोक, त्याच संस्थेच्या वसाहतीत राहणारे. मला हे कुठल्यातरी मासिकात वाचायला मिळालं. अण्णांना वाचून दाखवलं. वाटलं, त्यांना भारी वाटेल, डोळे बिळे ओलावतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग तार तुटला की जोडतात कसा?”

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी आपली बोटं पुढे करून दाखवली. मागावर दिवसातनं किती वेळा तार तुटतो त्याला गणती नाही. तुटलेली दोन टोकं चिमटीत धरायची, पीळ द्यायचा, गाठ मारायची, माग पुन्हा चालू. सगळा खेळ बोटांच्या टोकांचा. डोळे मिटूनही जमतं, कारण सूत बोटांना कळतं. आणि त्या आजारात तेच जातं. लोक म्हणतात बोटं झडतात, तशी ती झडत नाहीत. नसा मरतात, बोटं बधिर होतात, भाजलं-कापलं तरी कळत नाही, जखमा चिघळतात आणि वर्षानुवर्षं तसं होत होत बोटं आखूड होत जातात. औषधानं रोग बरा होतो, गेलेली जाणीव बहुतेकदा परत येत नाही. अशा हातांनी सूत जोडायचं! अण्णांच्या पिढीला ‘महारोगी’ हाच शब्द माहीत. गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराच्या वाटेवर असे लोक बसलेले असत आणि अण्णा त्यांच्या थाळीत नाणं लांबूनच टाकत, आवाज झाला पाहिजे इतक्या लांबून. पण त्या दिवसानंतर कितीतरी वेळ ते आपल्याच बोटांची टोकं एकमेकांवर घासत होते, मध्येच थांबून म्हणायचे, “जमवत असतील काहीतरी.”

आमचा एक काका होता, त्याला हे सगळं मान्य नव्हतं. “सेवा बिवा काही नाही, पोतं भरून माणसं त्यांच्या धर्मात नेतात,” असं तो जेवताना म्हणायचा. घरात कुणी वाद घातला नाही, कारण काकाशी वाद घातला की जेवण लांबायचं. मलाही शंका होत्याच, अजूनही आहेत. कोलकात्यातल्या कालीघाटच्या निर्मल हृदयबद्दल, म्हणजे मदरनी मरणाऱ्यांसाठी काढलेल्या घराबद्दल, 1994 साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकाच्या संपादकानंच लिहिलं होतं, की तिथे माया आहे, स्वच्छता आहे, पण वेदना कमी करायची नीट औषधं नाहीत, निदानाकडे लक्ष नाही. ते मी फार उशिरा वाचलं आणि वाचून मनातली तसबीर जराशी वाकडी झाली. मरणाऱ्याचा हात धरणं मोठं, पण त्याला दुखतंय तर दुखणं थांबवणारं इंजेक्शन त्याहून मोठं नाही का? ह्याचं उत्तर मला सोपं वाटत नाही. देवळाला लागूनच असलेली यात्रेकरूंची ती रिकामी धर्मशाळा 1952 साली महापालिकेनं त्यांना दिली, तेव्हा रस्त्यावर मरणाऱ्या माणसाला घ्यायला दुसरं कुणी रांग लावून उभं नव्हतं, हेही खरंच आहे.

मदरच्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग मात्र नोबेलचा नाही आणि दार्जिलिंगच्या गाडीतल्या त्या 1946 च्या साक्षात्काराचाही नाही. तो आहे पाटण्याचा. 1948 मध्ये शाळेतली नोकरी, कॉन्व्हेंटची भिंत, ओळखीच्या बायका, सगळं सोडून त्या बाहेर पडल्या तेव्हा त्या 37 वर्षांच्या होत्या, आणि त्यांना येत काय होतं, तर भूगोल शिकवणं. म्हणून आधी पाटण्याला जाऊन तिथल्या नर्सिंग करणाऱ्या सिस्टरांच्या हाताखाली काही महिने राहिल्या. इंजेक्शन, बाळंतपण, ड्रेसिंग शिकल्या. आपण आणि आपल्या बायका नुसता भात-मीठ खाऊन राहू, असा त्यांचा बेत होता. पाटण्याच्या सिस्टरांनी तो ऐकून झापलं, की असं खाल तर काम काय करणार, क्षय होऊन मराल. आणि मदरनी ऐकलं. म्हणजे निर्धार वगैरे ठीक, पण डाळ शिजली पाहिजे. हा प्रसंग मला फार घरगुती वाटतो. आमची आईसुद्धा अण्णांना असंच झापायची.

जूनमध्ये मी पुन्हा गेलो. कारण सांगायला काढलं टॉवेलचं. एका ओळखीच्या कारखान्यातनं डझनभर सेकंडचे टॉवेल मिळाले होते. सेकंड म्हणजे फाटकं नव्हे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. विणताना कुठेतरी तार सुटलेला, रंग थोडा इकडे-तिकडे झालेला, बाकी माल चोख. खरं कारण चादर होतं. सिस्टर आत होत्या. एका आजींना पुसायचं चाललं होतं. “या, या, तिकडं फिरा जरा,” असं मला म्हणाल्या, म्हणजे भिंतीकडे तोंड करा. मी फिरलो. वास मात्र फिरवता येत नाही. डेटॉल, मुतारी, शिळं तेल आणि गरम भात यांचा मिळून एक वास तिथे कायम असतो. पहिली पाच मिनिटं मी तोंडानं श्वास घेत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. असं काम मला करता येणार नाही. अण्णांच्या शेवटच्या पंधरा दिवसांतही ते मी केलं नव्हतं, बायकोनं आणि पगारी माणसानं केलं.

“आता बघा,” सिस्टर म्हणाल्या. आजी कुशीवर होत्या. कंबरेच्या हाडापाशी रुपयाएवढी लाल जागा, अजून फुटलेली नव्हती. तिथली कातडी कांद्याच्या सालीसारखी, खालचं सगळं दिसेल अशी. सिस्टरांनी आजींच्या खाली सारायला एक कापड घेतलं आणि मी ते ओळखलं. अण्णांचं जाळीदार धोतर, चौपदरी घडी घातलेलं. घडीची कडसुद्धा आजींच्या हाडाखाली येऊ नये म्हणून त्यांनी ती दोनदा हातानं सपाट केली, तळहात सरकवून बघितला, मग आजींना हळूच वर आणलं.

“तुमची चादर चांगली होती,” माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “पण ती हितं धुणार कोण? भिजली की बादलीतनं उचलत नाही. आमच्याकडं मशीन नाही. पावसाळ्यात तीन-तीन दिवस वाळत नाही. ह्यांना दिवसातनं चार-पाच वेळा बदलावं लागतं. धोतर धुतलं की अर्ध्या तासात वाळतं.” मग जरा थांबून, जसं काही महत्त्वाचं राहिलं होतं: “आणि तिचा मोर टोचतो.”

मोर टोचतो. जॅकार्डची वीण उठावाची असते, रंग दोन्ही बाजूंना दिसावा म्हणून कापड जाड, नक्षीची कड हाताला लागते. ती हाताला लागावी यातच कारागिरी असते. कारागिरानं आयुष्यभर जी कड नीट उठावी म्हणून डोळे फोडले, तीच कड इथे एका म्हातारीच्या कंबरेचा घात करणार होती. आणि जे कापड आम्ही भांडी पुसायला काढणार होतो ते, पन्नास-साठ धुण्यांनी सगळी खळ, सगळा ताठा निघून गेलेलं, तेच तिच्या कामाचं होतं. एवढं कापड आमच्या घरात, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सिस्टर केरळच्या. घर एका डोंगराळ गावात, रबराच्या झाडांत. दहावीनंतर गेल्या. नन होणं म्हणजे एका रात्रीत केस कापून साडी नेसणं, असा माझा समज होता. तसं नसतं. आधी काही काळ नुसतं राहून बघायचं, मग निदान वर्षभर नॉव्हिस, म्हणजे शिकाऊ, मग तात्पुरती व्रतं, ती पुन्हा पुन्हा घ्यायची, आणि काही वर्षांनी कायमची. दोन्ही बाजूंना नाही म्हणायला जागा ठेवलेली. आपल्याकडे लग्नाला एवढा वेळ कोण देतं! त्यांच्याबरोबर गेलेल्या सहाजणींपैकी दोघी मध्येच घरी परतल्या. एकीला आता तीन मुलं आहेत, नाताळला फोन येतो. हे सांगताना सिस्टरांच्या आवाजात ना कीव होती ना हेवा. सोलापूरला पाठवलं तेव्हा त्यांना सोलापूर कुठे आहे तेही माहीत नव्हतं. मल्याळम घरचं, इंग्रजी शिकलेलं, मराठी हिंदी इथे येऊन, आणि विडी वळणाऱ्या बायकांशी बोलता बोलता कामापुरती तेलुगू. त्यामुळे त्यांच्या मराठीला कुठल्याच पुस्तकाचा वास नाही. “काय करायलात?” “पाणी यायलंय का बघा.” अस्सल सोलापुरी.

त्यांची आई गेली तेव्हा त्या इथेच होत्या. फोन रात्री आला. दुसऱ्या दिवशी कन्याकुमारीची गाडी मिळाली, पण घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. “मग काय, चार दिवस राहून आले. फणसाचे गरे वाळवलेले होते आईनं, ते घेऊन आले. हितल्या आज्ज्यांना आवडले नाहीत.” एवढंच.

परत येताना भैय्या चौकातनं येतो मी नेहमी. डॉक्टर कोटणीसांचं स्मारक तिथेच, त्यांच्या घराच्या जागी. शाळेत असताना आम्हाला ओळीनं न्यायचे. त्या दिवशी गाडी उभी करून उगाच हिशेब केला. कोटणीस जन्मले 1910 च्या ऑक्टोबरात, इथे. मदर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तिकडे युरोपात, स्कोपियात. एक जण 27 व्या वर्षी सोलापूरकडे पाठ करून चीनच्या लढाईत जखमा शिवायला गेला, एक जण 18 व्या वर्षी स्कोपियातनं आयर्लंडला आणि तिथनं बंगालमध्ये आली. इकडे वडील गेल्याचं कळलं तरी कोटणीस परतले नाहीत, आणि 1942 च्या डिसेंबरात, 32 व्या वर्षी, तिकडेच गेले. मदरनी 1928 मध्ये स्टेशनवर आईचा निरोप घेतला तो शेवटचा. आई पुढे अल्बानियात राहिली, तिथल्या राजवटीनं ना तिला बाहेर सोडलं ना मुलीला आत येऊ दिलं, आणि 1972 मध्ये ती गेली. आपण कोटणीसांना आपलं म्हणतो, चिनी लोक त्यांना त्यांचं म्हणतात, दोघांचंही बरोबर. मग आमचा काका कुणाला बाहेरचं म्हणत होता? अर्थात हा प्रश्न विचारायला काका आता नाही, आणि असता तरी जेवण लांबलं असतं.

एकदा धीर करून सिस्टरांना विचारलं. 2007 साली मदरची पत्रं छापून आली, जाळून टाका असं त्यांनी स्वतः सांगितलेली. त्यांत होतं, की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जाणवतच नव्हता. प्रार्थना करावी आणि पलीकडे कुणीच नसावं, असं. बाहेर हसरा चेहरा, आत नुसता अंधार. मी म्हटलं, सिस्टर, तुम्हाला कधी तसं होतं का? प्रश्न तोंडातनं गेल्यावर वाटलं, आपण फार आगाऊपणा केला. सिस्टर हरभरे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि तेवढ्यात मागनं कुणीतरी ओरडलं, “सिस्टर, पाणी!” सोलापुरात पाणी आलं की मयतावरनंसुद्धा लोक उठतात. तेव्हा चार दिवसांनी यायचं, कधी पाचव्या. हरभरे सुपात तसेच टाकून सिस्टर धावल्या, साडीचा पदर कमरेला खोचत. मीही गेलो. दोन तास आम्ही पिंप, बादल्या, घागरी, कढया, पातेली, जे सापडेल ते भरत होतो. शेवटी त्या ओल्याचिंब, पायरीवर बसल्या. मला वाटलं, आता सांगतील. “तो निळा ड्रम गळायलाय,” त्या म्हणाल्या. “एम-सील आणाल का येताना?”

मी एम-सील नेलं. पुन्हा विचारलं नाही.

तेव्हापासून मी जुनी धोतरं गोळा करतो. हे वाटतं तितकं सोपं नाही. धोतर नेसणारी माणसं संपत आलीत. पोरांकडे विचारावं तर बर्म्युडा आणि टी-शर्ट पुढे करतात, पॉलिस्टर, घाम टिपत नाही. अण्णांच्या वयाचे मिलमधले जे काही उरलेत त्यांच्या घरी जातो, चहा घेतो, मिलच्या भोंग्याच्या गोष्टी ऐकतो आणि निघताना हळूच विषय काढतो. एका मावशींनी नवऱ्याची तीन धोतरं दिली आणि मागनं गल्लीच्या टोकापर्यंत येऊन त्यांतलं एक परत मागून घेतलं. गेल्या गड्ड्याला तर कहर झाला. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत आणि पांढऱ्या धोतरात. सगळे काठ्यांकडे बघतायत, हर्र बोला हर्र चाललंय, आणि मी धोतरांकडे बघतोय, हे नवंय, ह्याला खळ आहे, हे अजून दहा वर्षं कामाचं नाही, हे मात्र आता मऊ झालं असेल. शेजारच्यानं विचारलं, “कुणाला शोधायलाव?” काय सांगणार!

अण्णांचं एक धोतर मी ठेवून घेतलं होतं. गाठोड्यात घातलंच नव्हतं, बायकोलाही माहीत नव्हतं. दवाखान्यात न्यायच्या दिवशी सकाळी त्यांनी जे नेसलं होतं ते. ट्रंकेत चादरीच्या खाली होतं. या जुलैत सिस्टरांचा फोन आला. फोन म्हणजे निरोपच, नमस्कार-चमत्कार नाही. “धोतर आहे का अजून? दोन माणसं नवीन आल्यात, एकाची पाठ फार वाईट आहे.” आहे म्हणायला मला वेळ लागला. पलीकडनं त्या तेवढा वेळ थांबल्या, काही बोलल्या नाहीत.

मी नेऊन दिलं तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. सिस्टरांनी नेहमीसारखं अंगठ्यात-बोटात चोळून बघितलं. “हे छान आहे,” म्हणाल्या. हे कुणाचं, कधीचं, काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. काठ जाड असतो, तो हातानं फाटत नाही, म्हणून कात्रीनं त्याला एक चीर दिली. मग दोन्ही हातांनी कापड धरून एकदम ओढलं. चाटी गल्लीतले जुने दुकानदार फाडायचे तसं, एका झटक्यात, वाकडं न जाता, तार न् तार सरळ. टर्रर्र. तो आवाज मी लहानपणापासून हजार वेळा ऐकलाय. फाटताना कापडातनं बारीक लव उडाली, उन्हात दिसली, आणि थोडी सिस्टरांच्या पापण्यांवर बसली. त्यांनी मनगटानं पुसली आणि शिंकल्या.

सगळे मिळून आठ तुकडे झाले. “घडी घाला,” म्हणून माझ्याकडे दिले. आठवा थोडा आखूड आला होता. तो त्यांनी माझ्या हातातनं काढून घेतला, “हा तोंड पुसायला,” म्हणाल्या, आणि आत गेल्या.